वर्ग सांभाळायचा तो गोंधळाच्या आधी: सोलापूरच्या शिक्षकांसाठी संशोधनाच्या आधारे वर्गव्यवस्थापन

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत विषय कोणताही असो, चहाच्या वेळी गप्पा एकाच प्रश्नावर येतात: मुलं ऐकत नाहीत, काय करायचं? त्यामागोमाग दुसरं वाक्यही येतं, छडी गेली आणि शिस्तही गेली. मला हा प्रश्नच उशिरा विचारलेला वाटतो. मुलं ऐकेनाशी झाली की शिक्षकाच्या हातात फार थोडं उरतं. खरं काम त्याआधीच्या मिनिटांत आणि त्याआधीच्या आठवड्यांत करायचं असतं.

हे केवळ माझं मत नाही. जेकब कूनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एकदा तासाला वर्तमानपत्र वाचत बसलेल्या विद्यार्थ्याला सुनावलं, तेव्हा आजूबाजूचे सगळेच सावरून बसले. एकाला बोललं की बाकीच्यांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास त्याने तिथून सुरू केला. पुढे वर्गांची चित्रीकरणं करून त्याने शांत वर्ग आणि गोंधळाचे वर्ग शेजारी ठेवून पाहिले. गोंधळ झाल्यावर शिक्षक काय करतात, यात दोन्हीकडे सांगण्यासारखा फरक सापडला नाही. फरक होता तो गोंधळ होण्याआधीच्या वागण्यात. हे निष्कर्ष १९७० साली पुस्तकरूपाने आले आणि त्यानंतरच्या अभ्यासांनी ते पुन्हा पुन्हा उचलून धरले.

छडीबद्दल एकदाच बोलून पुढे जातो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी घातली आणि त्याच वाक्यात मानसिक छळालाही. १ एप्रिल २०१० पासून हा कायदा लागू आहे. म्हणजे अंगठे धरायला लावणं जसं बेकायदा, तसंच पोराच्या घरावरून, जातीवरून, बोलीवरून वर्गात टोमणा मारणंही बेकायदा. दुसरी गोष्ट आपल्यातले बरेच जण विसरतात असं मला सारखं जाणवतं.

आता पायऱ्या. क्रम मुद्दाम असा आहे. वरची पायरी सोडून थेट खालच्या पायरीवर उतरलात, तर मेहनत दुप्पट होईल.

पहिली पायरी: शाळा उघडण्याआधी खोली बघा

जूनच्या मध्यावर शाळा उघडते. त्याआधी रिकाम्या वर्गात अर्धा तास घालवा. फळ्यापाशी उभे राहा आणि प्रत्येक जागेकडे नजर टाका. कपाटाच्या आड, खांबामागे, दाराच्या कोपऱ्यात एखादी जागा लपते का? लपत असेल तर तिथे बाक ठेवू नका. मग चालून बघा. कुणालाही उठवल्याशिवाय प्रत्येक मुलाच्या जवळ पोचता आलं पाहिजे. चाळीस मुलांच्या खोलीत हे अवघड असतं. तरी मधली एक वाट मोकळी ठेवली आणि भिंतीला चिकटलेले बाक हातभर आत घेतले, तर बहुतेक खोल्यांत जमतं.

ढकलाढकली कुठे होते ते आपल्याला आधीच माहीत असतं: चपला काढायची जागा, पाण्याची टाकी, वह्यांचा गठ्ठा ठेवायचं टेबल आणि दार. या चारही गोष्टी एकाच कोपऱ्यात असतील तर रोजची भांडणं आपणच मांडून ठेवली आहेत. त्या लांब लांब ठेवा.

बसवायचं कसं, रांगेत की गटात? ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतः करून ज्ञान रचतं या विचाराची, चर्चा सुरू झाल्यापासून अनेक शाळांत मुलं दिवसभर गोलात बसतात. ब्रिटनमध्ये केव्हिन व्हेल्डॉल आणि सहकाऱ्यांनी अकरा वर्षांच्या मुलांच्या दोन वर्गांत हेच तपासलं. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकट्याने करायच्या कामावर मुलांचं लक्ष टेबलाभोवती बसल्यापेक्षा रांगेत बसल्यावर जास्त राहिलं. याचा अर्थ गट वाईट असा नाही. चर्चा असेल, प्रयोग असेल, मिळून चित्र काढायचं असेल तर गोल करा. भागाकाराची उदाहरणं प्रत्येकाने आपापली सोडवायची असतील तर तोंडं फळ्याकडे हवीत. मुलांना गटात बसवायचं आणि काम मात्र एकेकट्याचं द्यायचं, ही सगळ्यात वाईट जोडणी. बाकांऐवजी बस्करपट्ट्या असतील तर मांडणी बदलायला मिनिटही लागत नाही, त्या सोयीचा फायदा घ्या.

सोलापूरच्या उन्हाचा हिशेबही इथेच करायचा. मार्चमध्ये सकाळची शाळा होते, पण पत्र्याच्या खोलीत दहानंतर मुलं पेंगतात किंवा चिडचिडी होतात. डोक्याला ताण देणारं काम पहिल्या दोन तासांत घ्या. दुपारचं ऊन ज्या भिंतीवर येतं तिच्या बाजूची मुलं दर आठवड्याला बदला. पाण्याची बाटली बाकावर ठेवायची मुभा द्या, म्हणजे टाकीकडच्या फेऱ्या कमी होतील.

दुसरी पायरी: रोजच्या सवयी शिकवा, नुसत्या सांगू नका

संपूर्ण लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

एमर, एव्हर्टसन आणि अँडरसन यांनी अमेरिकेत तिसरीचे वर्ग शाळेच्या पहिल्या दिवसापासून पाहिले. हा अभ्यास १९८० साली छापून आला. ज्या शिक्षकांचे वर्ग पुढे वर्षभर नीट चालले, त्यांनी पहिले काही आठवडे वर्गात कसं वागायचं हे धडा शिकवावा तसं शिकवलं होतं. करून दाखवलं, मुलांकडून करून घेतलं, चुकलं तिथे दुरुस्त केलं. आपण काय करतो? पहिल्या दिवशी दहा सूचना देतो, दुसऱ्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडतो आणि जुलैत वैतागतो.

आधी आपल्या वर्गाच्या सवयींची यादी करा. वर्गात येताना काय, गृहपाठाची वही कुठे, लघवीला किंवा पाण्याला जायचं असेल तर काय खूण करायची, पेन्सिलीला टोक कधी करायचं, काम लवकर संपलं तर काय, पोषण आहाराच्या रांगेत कसं उभं राहायचं, ताट कुठे धुवायचं, शाळा सुटताना कोण आधी उठणार. यातल्या प्रत्येक गोष्टीचं तुमच्या मनात एकच उत्तर ठरलेलं असलं पाहिजे. ते तुमच्याच मनात धूसर असेल तर मुलांनी चाळीस उत्तरं काढली म्हणून त्यांना दोष देता येणार नाही.

मग एकेक शिकवा. पोषण आहाराची रांग घ्या. प्रथम तुम्ही स्वतः ताट घेऊन चालून दाखवा. मग दोन मुलांना मुद्दाम चुकीचं करायला सांगा, घुसणं, ढकलणं. वर्ग हसेल, हसू द्या. विचारा: यात काय बिघडलं? मुलंच सांगतील की भात सांडतो, लहानांना मागे राहावं लागतं. मग त्याच दोघांना बरोबर करायला लावा. शेवटी सगळा वर्ग एकदा रिकाम्या ताटांनी. हे पंधरा मिनिटांत होतं. पुढचे आठ-दहा दिवस प्रत्यक्ष जेवणाच्या वेळी तुम्ही शेजारी उभे राहा आणि नीट झालं की लगेच सांगा. चुकलं तर रागवायचं नाही, परत करायला लावायचं: "चला, पुन्हा एकदा, वर्गाच्या दारापासून." परत करावं लागणं हीच पुरेशी आठवण असते.

वर्ग शांत करण्याची खूणही अशीच शिकवायची. ठरावीक लयीतल्या टाळ्या बहुतेक शाळांत चालतात. पण शहराच्या पूर्व भागात, जिथे शाळेच्या भिंतीला लागूनच यंत्रमाग चालतात, तिथे आवाजाची खूण हरते आणि शिक्षकाचा घसा बसतो. तिथे हात वर करण्याची खूण ठेवा: सरांचा हात वर दिसला की आपला हात वर, तोंड बंद, शेजाऱ्याला हळूच स्पर्श. पहिल्या आठवड्यात ही खूण रोज पाच-सहा वेळा सरावासाठी वापरा, गोंधळ नसतानाही. आणि एक पथ्य पाळा, पूर्ण शांतता होईपर्यंत पुढचं वाक्य बोलू नका. अर्धा वर्ग बोलत असताना तुम्ही सूचना सुरू केली, की खूण तिथेच मेली.

शिकवलेल्या सवयी सुट्टीनंतर सैल होतात. दिवाळीनंतर दोन दिवस, आणि शहरातल्या शाळांनी जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेनंतर एक दिवस उजळणीसाठी राखून ठेवावा. गड्ड्याच्या, म्हणजे या यात्रेच्या, दिवसांत मुलं रात्री उशिरापर्यंत होम मैदानावर असतात. सकाळी वर्गात त्यांच्याकडून जूनमधली शिस्त आपोआप येणार नाही. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते. ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या सुमारास वर्गात दाखल होतात. त्यांनी जूनमधलं काहीच पाहिलेलं नसतं आणि ती 'बेशिस्त' ठरतात. आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी एक सोबती जोडून द्या आणि सगळ्या सवयी त्या सोबत्यानेच दाखवाव्यात असं ठरवा. नव्याला आधार मिळतो आणि सोबत्याला मान.

तिसरी पायरी: नियम तीन ते पाच, मुलांच्या भाषेत

नियमांबद्दल थोडक्यात. तीनपेक्षा कमी नकोत, पाचपेक्षा जास्त नकोत. काय करू नये यापेक्षा काय करायचं ते लिहा. 'गोंगाट करू नका' यातून मुलाला काय करायचं ते कळत नाही, 'एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात' यातून कळतं.

सोलापुरात एकाच वर्गात घरी तेलुगू बोलणारं मूल, कन्नड बोलणारं, दखनी बोलणारं आणि मराठी बोलणारं मूल शेजारी बसतं. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेवरच्या गावांत तर पहिलीतल्या अर्ध्या मुलांना मराठी सूचना अर्धवटच कळते. न कळलेली सूचना आणि न पाळलेली सूचना बाहेरून सारखीच दिसते. म्हणून नियमाशेजारी चित्र काढा, वरच्या वर्गातल्या मुलांकडून तो त्यांच्या घरच्या भाषेत समजावून घ्या, आणि तुम्ही स्वतः त्या भाषेतले पाच-सात रोजचे शब्द शिका. कायद्याचं कलम २९ ही शक्य तितकं मातृभाषेतून शिकवायला सांगतं, पण त्याहून मोठं कारण असं की पोराच्या भाषेत बोललेला पहिला शब्द त्याचा चेहरा बदलतो.

नुसते नियम लावून काही होत नाही, हेही लक्षात असू द्या. मॅडसन, बेकर आणि थॉमस यांनी १९६८ साली प्राथमिक वर्गांत क्रमाने पाहिलं: आधी फक्त नियम सांगितले, मग किरकोळ चुकांकडे दुर्लक्ष केलं, मग चांगल्या वागण्याचं कौतुक जोडलं. फक्त नियमांनी वागण्यात फारसा बदल झाला नाही. कौतुक आल्यावर झाला. त्याकडे पुढे येतोच.

चौथी पायरी: दारात उभे राहा

तास सुरू व्हायच्या वेळी शिक्षक कुठे असतो? बहुधा खुर्चीत, हजेरीवर मान घालून. त्याऐवजी दारात उभे राहा. प्रत्येक मुलाला नावाने हाक मारा, एक शब्द बोला आणि फळ्याकडे बोट दाखवा, तिथे पाच मिनिटांचं सोपं काम आधीच लिहिलेलं असेल. कालची दोन उदाहरणं, एखादं शुद्धलेखन, एखादा प्रश्न. हजेरी ते काम चालू असताना घ्या.

क्लेटन कुक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या माध्यमिक वर्गांत हे करून पाहिलं. २०१८ च्या त्यांच्या अभ्यासात दारातल्या स्वागताने मुलांचा कामात गुंतलेला वेळ २० टक्के-बिंदूंनी वाढला आणि व्यत्यय ९ टक्के-बिंदूंनी कमी झाला. खर्च शून्य. मला या युक्तीत आणखी एक मोल दिसतं. दारात उभं राहिल्यावर कोण रडून आलंय, कोण उपाशी दिसतंय, कोण कुणाशी भांडून आलंय हे तास सुरू होण्याआधी कळतं.

उशिरा येणाऱ्याचं काय? सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी घागरी भरून मूल उशिरा शाळेत येतं. त्याला दारात उभं करून जाब विचारण्यात सगळ्या वर्गाचा वेळ जातो. खुणेने आत घ्या, काम दाखवा, कारण मधल्या सुट्टीत विचारा.

पाचवी पायरी: शिकवताना नजर, गती आणि पाटी

कूनिनला चांगल्या शिक्षकांमध्ये जी गोष्ट सगळ्यात ठळक दिसली ती अशी की वर्गात काय चाललंय ते त्यांना कळतं, आणि त्यांना ते कळतं हे मुलांनाही ठाऊक असतं. दुसरी, एका वेळी दोन गोष्टी हाताळणं: एकाची वही तपासताना मागच्या बाकावरची कुजबुज नुसत्या नजरेने थांबवणं. इथल्या यंत्रमागावरचा कामगार एकाच वेळी अनेक माग बघतो. तो एका मागापुढे ठाण मांडून बसत नाही, फिरत राहतो आणि धागा तुटला की आवाजावरून ओळखतो. वर्गातही तसंच फिरायचं. फळ्याला पाठ लावून सलग लिहू नका. दोन ओळी लिहा, वळा, नजर फिरवा. वही तपासताना भिंतीकडे तोंड करून उभे राहू नका, वर्ग समोर दिसेल असे वाका.

गतीचं असं आहे की बहुतेक गोंधळ एक काम संपून दुसरं सुरू होण्याच्या फटीत होतो. गणिताची वही ठेवून परिसर अभ्यासाचं पुस्तक काढायला वर्गाला पाच मिनिटं लागत असतील, तर दिवसातल्या सहा बदलांत मिळून तीस मिनिटं गेली. हा बदलही सवय म्हणून शिकवा: आधी सूचना पूर्ण, मग खूण, मग हालचाल. 'वह्या काढा' म्हणून मुलं दप्तरात घुसल्यावर पुढची सूचना देऊ नका.

प्रश्न विचारताना आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. 'राहुल, सात नव्वे किती?' असं म्हटलं की राहुल सोडून सगळे सुटले. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागल्यावर उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद वर्गात फार लांब वाटतात. मनातल्या मनात अंक मोजा.

आता पाटी. आपल्या शाळांच्या कपाटात पाट्या धूळ खात पडलेल्या असतात, आणि वर्गव्यवस्थापनाचं याहून चांगलं साधन मला माहीत नाही. हात वर करून उत्तर द्यायच्या पद्धतीत चाळीसातला एक बोलतो, एकोणचाळीस मोकळे. मोकळं मूल शेजाऱ्याला टोचणारच. त्याऐवजी प्रश्न विचारा, सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहावं, खूण झाली की सगळ्यांनी पाटी वर धरावी. गार्डनर, हेवर्ड आणि ग्रॉसी यांनी अमेरिकेतल्या शहरी शाळेत पाचवीच्या विज्ञानाच्या तासांना अशाच पाटीसारख्या फलकांचा वापर तपासला. १९९४ च्या त्या अभ्यासात मुलांचे सक्रिय प्रतिसाद हात वर करण्याच्या पद्धतीपेक्षा १४ पट झाले आणि चाचणीतले गुणही वाढले.

पाटी वापरताना चार गोष्टी सांभाळा. उत्तर छोटं हवं, एक शब्द, एक संख्या, एक चिन्ह. 'लिहा', 'दाखवा', 'खाली' या तीन सूचना सवय म्हणून शिकवलेल्या हव्यात, नाहीतर पाट्यांचे खडखडाट होतील. चुकलेल्या पाटीकडे बोट दाखवून हसू नका, कारण एकदा कुणाचं हसं झालं की पुढच्या वेळी अर्धा वर्ग शेजारच्याचं बघून लिहितो. आणि पाच-सहा प्रश्नांची फेरी करून थांबा, पुन्हा समजावा, पुन्हा फेरी. आठवी-नववीला पाटी बालिश वाटते, तिथे वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून वही वर धरली तरी चालतं.

दोन शिक्षकी शाळेत तुमच्यासमोर दोन इयत्ता असतात. तिथे एका इयत्तेशी बोलताना दुसरीला लेखी काम असतं आणि ती मुलं अडली की तुमच्याभोवती जमतात. 'आधी स्वतः वाच, मग गटातल्या दोघांना विचार, मग माझ्याकडे ये' ही सवय जूनमध्येच लावा. काम संपलेल्यांसाठी वाचनाच्या पुस्तकांची पेटी हाताशी ठेवा.

सहावी पायरी: नेमकं कौतुक

'शाबास', 'छान' हे शब्द दिवसभर उडत असतात, पण मुलाला कळत नाही की छान काय होतं. 'मागच्या रांगेने वह्या आवाज न करता काढल्या' हे नेमकं कौतुक. 'तू आज दोनदा खोडून तिसऱ्यांदा बरोबर आणलंस' हेही. बघितलं ते सांगायचं, लगेच सांगायचं आणि खरं असेल तरच सांगायचं. मोठ्या वर्गातल्या मुलांना सगळ्यांसमोर कौतुक नको असतं. त्यांच्या बाकाजवळून जाताना हळू आवाजात सांगा.

बक्षिसं जपून वापरा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्र काढायची आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांना आधीच प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं. नंतर, आमिष नसताना, त्या मुलांनी चित्र काढण्यात आधीपेक्षा कमी वेळ घालवला. जे मूल आपणहून वाचतं त्याला वाचनासाठी चॉकलेट देऊ नका.

मात्र एक बक्षिसाचा खेळ खरोखर उपयोगी आहे. १९६९ साली बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ यांनी चौथीच्या एका दंगेखोर वर्गाचे दोन संघ केले. नियम मोडला की संघाच्या नावापुढे फळ्यावर एक खूण. ठरावीक मर्यादेच्या आत राहिले तर दोन्ही संघ जिंकू शकतात. जागा सोडून फिरणं आणि मधेच बोलणं झपाट्याने कमी झालं. पुढे बॉल्टिमोरमध्ये पहिलीत हा खेळ खेळलेल्या मुलांचा तरुणपणापर्यंत पाठपुरावा झाला, आणि सुरुवातीला आक्रमक असलेल्या मुलग्यांत पुढे व्यसनांचं प्रमाण कमी आढळलं. दिवसातून एकाच तासाला, दहा मिनिटांनी सुरुवात करा. बक्षीस म्हणजे पाच मिनिटं जास्त खेळ किंवा एक गोष्ट. फळ्यावर संघाची खूण, मुलाचं नाव कधीच नाही. एखादं मूल मुद्दाम संघाला हरवत असेल तर त्या फेरीपुरता त्याचा वेगळा संघ करा, म्हणजे बाकीचे त्याच्यावर तुटून पडणार नाहीत.

सातवी पायरी: तरीही कुणी चुकलं तर

सगळ्यात हलक्या उपायापासून सुरुवात. नजर. मग त्या बाकाजवळ जाऊन उभं राहणं, शिकवणं न थांबवता. मग शेजारच्या, नीट काम करणाऱ्या मुलाला कौतुकाचा एक शब्द. तरी थांबलं नाही तर हळू आवाजात, थोडक्यात, काय करायचं ते सांगणं.

मागून हाक येते, "सर, हा ढकलायलाय बघा." तिथे चौकशी आयोग बसवू नका. "दोघंही वह्या उघडा, दुसरं उदाहरण. मी एका मिनिटात येऊन बघतो." आणि खरंच एका मिनिटात जाऊन बघा. पुन्हा झालं तर वाकून, त्यालाच ऐकू जाईल इतक्या आवाजात: "इथे बसून पूर्ण करतोस, की पुढच्या बाकावर येतोस? तू ठरव." एवढं बोलून दुसरीकडे वळा. समोर उभं राहून वाट बघितली की मुलाला मित्रांसमोर माघार घेणं अवघड जातं. उरलेलं बोलणं मधल्या सुट्टीत, दोघांतच. 'का केलंस?' विचारलं की मूल मान खाली घालतं. 'काय झालं होतं?' विचारलं की बोलतं.

काही प्रथा मात्र बंद करा असं कळकळीने सांगतो. मॉनिटरला फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायला लावणं, कारण त्यातून मुलांत वैर आणि लाचलुचपत सुरू होते. एकाने केलं म्हणून सगळ्या वर्गाची खेळाची तासिका रद्द करणं. वर्गाबाहेर उभं करणं, ज्याला अभ्यास टाळायचाय त्याला ते बक्षीसच असतं. आणि शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहायला लावणं, त्यातून लिहिण्याचाच तिटकारा बसतो.

आठवी पायरी: दोन-तीन मुलं उरतातच

वरचं सगळं नीट केल्यावरही काही मुलांना जास्त मदत लागते. त्यांच्यासाठी आठवडाभर एक नोंद ठेवा, चार रकाने: किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. आठवड्याने कागद वाचा. त्रास फक्त वाचनाच्या तासाला होतोय का? फक्त जेवणाआधी? गोंधळ केल्यावर दरवेळी त्याचं काम सुटतंय का? काम सुटत असेल तर काम सोपं करून द्या, पण सोडू नका. लक्ष हवं असेल तर तो शांत असतानाच त्याच्याजवळ जा.

कारणं घरात आणि अंगातही असतात. फळा दिसत नसेल, ऐकू कमी येत असेल तर मूल दुर्लक्ष करतंय असं वाटतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा या मुलाचं नाव आधीच काढून ठेवा. आई पहाटेपासून विड्या वळते, वडील मागावर रात्रपाळीला, धाकट्याला सांभाळायचं काम याच्याकडे, अशा घरातलं मूल तिसऱ्या तासाला डोकं टेकवतं तेव्हा त्याला झोपेची गरज असते. मारहाणीची किंवा छळाची शंका आली तर मुख्याध्यापकांना लगेच सांगा आणि १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर कळवा.

पालकांना पहिला निरोप चांगल्या बातमीचा जाऊ द्या. "ताई, आज तुमच्या समीरने धाकट्या मुलांना रांगेत धरून ठेवलं" असा फोन जुलैत गेला असेल, तर सप्टेंबरमध्ये अडचण सांगताना ती आई तुमच्या बाजूने बसते. घरी जायचं तर विड्या वळणारी आई कारखान्यात माल देऊन परत येते ती वेळ विचारून जा.

नववी पायरी: मोजून बघा

काय बदललं हे मनाने ठरवू नका, मन दमलेल्या दिवशी सगळं वाईट आणि बऱ्या दिवशी सगळं चांगलं सांगतं. शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकाला दहा मिनिटं मागे बसायला सांगा. त्याने फक्त तीन गोष्टींच्या रेघा ओढायच्या: तुम्ही किती वेळा नेमकं कौतुक केलंत, किती वेळा रागावलात, आणि किती मुलांना काही लिहायची, बोलायची किंवा दाखवायची संधी मिळाली. नंतर तुम्ही त्याच्या वर्गात जा. हा कागद तुमच्या दोघांतच राहील, वरिष्ठांना दाखवायचा नाही, हे आधी ठरवून घ्या. नाहीतर दोघंही त्या दहा मिनिटांपुरते आदर्श शिक्षक होतील.

तीन आठवड्यांनी त्याच तासाला, त्याच विषयाला पुन्हा मोजा. आकडा हलला नसेल तर नवी युक्ती शोधू नका. दुसऱ्या पायरीवर परत जा, एकच सवय निवडा, जिथे रोज सगळ्यात जास्त वेळ जातो ती, आणि सोमवारी पहिल्या तासाला ती पहिल्यापासून शिकवा.